वारसनोंद

महाप्याच्या मागे डोंगर दोन्हीकडून खाल्लेला.
मधे उरली एक घळ, साडेनऊ गुंठ्यांची.
वाघोबाच्या दगडापाशी सुरुंग दोनदा फुसका निघाला, म्हणून.
(तसं म्हणतात. मी पंचनाम्यात लिहिलं: खडक भुसभुशीत.)

माझ्याकडे टेप, फक्की, सुतळी
आणि छापील फॉर्म, अकरा रकान्यांचा.
सोबत वाडीवरची बुधी हिलम, रोजावर.
ती झाडं ओळखते
सालीला नख लावून, नख नाकाशी नेऊन.

बाहेरच्या झाडांना पानं नाहीत,
नुसती खडीची भुकटी, पानांच्या आकाराची.
एक पुसून पाहिलं: खाली ऐन.
चौथ्या झाडापासून रंग सुरू होतो.
सातव्यापासून बुधी आवाज खाली आणते
आणि माझ्या मानेवरचा घाम
कधी वाळला ते कळत नाही.

हुंब. छातीच्या उंचीवर घेर एकशे चार.
आसाणा, काटे झडलेला, म्हणजे म्हातारा.
कुंभा. दोन अंजन्या, त्यांच्या सावलीला लोखंडी,
आणि तिघाचौघांना एकत्र बांधून
गारंबीचा वेल, अजगरानं आळस द्यावा तसा.
"हा कुणाच्या नावावर लिहू?"
"ज्याच्या अंगावर हाय त्याच्या. नायतर सगल्यांच्या."
सामायिक हा शब्द सातबाऱ्यात असतो.
या फॉर्मात नाही.

"शेवळ खाजतं, बाय.
काकडाचं फळ टाकल्याबिगर गळ्याखाली जात नाय.
आन् बघ, काकड हाय तितंच शेवळ उगवतं.
खाज ज्यानं दिली, त्यानंच उतारा शेजारी लावला."
तिनं जागा दाखवली. वैशाखातली कोरडी माती,
आत कुठेतरी कांदा, ढगांचा अंदाज घेत पडलेला.
काकडाचा घेर मी घेतला.
कांद्यासाठी रकाना नव्हता.

रकाना नववा: रोपे, गुडघ्याखालची.
सुतळीच्या पहिल्या चौकोनात निरंक.
दुसऱ्यात रानमोडी, घाणेरी, बिस्किटाचा कागद.
तिसऱ्यात निरंक.
अख्ख्या घळीत सगळे आजे-पणजे,
वेळच्या वेळी फळणारे,
आणि फळ गिळून दूर नेणारं कोणी नाही.
"मोठा धनेश व्हता. उडला का सूप पाखडल्यावानी आवाज.
माझ्या आयेनं आयकला. मी नाय."

तेरा वर्षं तलाठी म्हणून मी वारसनोंदी केल्या.
मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, बहिणींचं हक्कसोड
(सही करताना बहिणी खाली बघतात).
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी
कुत्र्याच्या छत्र्यांसारखे
एका रात्रीत उगवलेले पुतणे पाहिलेत.
म्हणून घळीच्या टोकाला, कड्याच्या अगदी काठावर
बुधी जेव्हा म्हणाली, "वारस,"
मी सवयीनं विचारलं, "कुणाचा?"

ती हसत सुटली. झाडाचं नाव होतं ते.
वाकडं, काटकुळं,
निम्मी मुळं खाणीच्या पोकळीत लोंबत असलेलं.
वीतभर शेंग वाळून चार खणांत उकललेली,
आत बिया, ट्रेसिंग पेपरचे कपटे असावेत तशा.
झुळूक आली की एक खण रिता.
याला धनेश लागत नाही.
बिया जातात: खाणीतल्या हिरव्या पाण्यावर,
क्रशरच्या पट्ट्यावर, डंपरच्या हौद्यातून
खडीबरोबर कुठल्याशा स्लॅबकडे.
एक माझ्या फॉर्मवर येऊन बसली.
मी ती झटकली नाही, वाऱ्यानंच उचलली.

कड्यावर पालथी पडून खाली पाहिलं.
बुधीनं माझे पाय धरले होते.
तासलेल्या दगडात, सुरुंगासाठी पाडलेल्या भोकात
दोन पानं.
टेप पोचली नाही.

संध्याकाळी ऑफिसात नववा रकाना भरला:
वारस, एक.
साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला,
पेनाचं टोपण काढलं,
"बरं. मयताचं नाव?"